प्रकल्प नोंदी: दोन सदनिका, ईसॉप, संस्थापक शेअर आणि एका पुणेकर कुटुंबाची वारसा-आखणी

५ जानेवारी २०२६

फाइल उघडली. नवरा ४३ वर्षांचा, एका खासगी स्टार्टअपमध्ये नोकरीला. बायको ४१, दुसऱ्या छोट्या कंपनीची सहसंस्थापक. मुलं ११ आणि ७ वर्षांची. नवऱ्याची आई ७२ वर्षांची, बहीण न्यू जर्सीत.

मालमत्तेत बाणेरची सदनिका नवरा-बायकोच्या नावे, तिच्यावर ६२ लाखांचं गृहकर्ज बाकी. कोथरूडची जुनी सदनिका वडिलांनी घेतलेली, आई तिथेच राहते, सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. नवऱ्याचे ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याचे ऑप्शन), बायकोचे तिच्या कंपनीतले १८ टक्के शेअर, आणि ठेवी, फंड, पीएफ नेहमीसारखे.

घरात एकाचंही मृत्युपत्र नाही. नॉमिनी मात्र बहुतेक ठिकाणी लावलेले आहेत आणि त्यावरच सगळे निर्धास्त आहेत.

कामाचा क्रम असा: आज कागदोपत्री काय कोणाचं आहे ते आधी पक्कं करायचं, मग मृत्युपत्रं. हा क्रम उलटा केला की माणूस आपलं नसलेलंही वाटून मोकळा होतो, आणि ते भांडण पुढे वीस वर्षं पुरतं.

८ जानेवारी

मृत्युपत्र नसताना उद्या काही झालं तर काय होईल, याचा हिशेब कुटुंबासमोर मांडला. हा तक्ता पहिल्याच बैठकीत दाखवावा. त्याशिवाय पुढच्या कागदांची निकड पटत नाही.

घर दोघांच्या नावे असलं की एक गेल्यावर ते आपोआप दुसऱ्याचं होतं, असं जवळपास प्रत्येक जण धरून चालतो. आपल्याकडे तसं होत नाही. प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या त्याच्या वारसांकडे जातो. करारात हिस्से लिहिलेले नसतील तर ज्यानं जितके पैसे घातले त्या प्रमाणात, आणि तेही सिद्ध होत नसेल तर समान हिस्से धरले जातात. बाणेरच्या करारात हिस्से नाहीत. सुरुवातीची रक्कम मुख्यतः बायकोच्या खात्यातून गेली आणि हप्ते नवऱ्याच्या खात्यातून जातात. दोघांनाही निम्मं-निम्मं मान्य आहे, तेव्हा दोन्ही मृत्युपत्रांत ते स्पष्ट लिहायचं.

नवरा विनामृत्युपत्र गेला तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे त्याचा निम्मा हिस्सा बायको, दोन मुलं आणि आई या चौघांत समान. म्हणजे घराचे ५/८ बायकोकडे आणि १/८ प्रमाणे दोन्ही मुलं व सासूबाईंकडे. आई पहिल्या वर्गातली (सर्वांत आधी हक्क असलेल्यांतली) वारस आहे हे अनेकांना माहीतच नसतं. (वडील असते तर ते दुसऱ्या वर्गात गेले असते.)

खरी अडचण मुलांच्या हिश्श्याची. अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाची स्थावर मालमत्ता नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता वा गहाण ठेवता येत नाही. घर विकून कर्ज फेडायची वेळ आली तर बायकोला आधी जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागेल आणि विक्री मुलांच्या हिताची आहे हे पटवावं लागेल. तोवर ग्राहक थांबत नाही आणि हप्तेही थांबत नाहीत.

बायको आधी गेली तर तिचा हिस्सा नवरा आणि दोन मुलांत. तिच्या आईवडिलांना काहीच नाही, आणि तिला तर त्यांच्यासाठी तजवीज करायची आहे. मूल नसलेल्या, नवरा आधीच गेलेल्या स्त्रीची स्वकष्टाची मालमत्ताही तिच्या माहेरी न जाता नवऱ्याच्या वारसांकडे जाते. २००९ च्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच धरलं, आणि त्या बाईला तर सासरच्यांनी घराबाहेर काढलं होतं. कमावत्या बाईनं मृत्युपत्र टाळू नये, हे आम्ही प्रत्येक फाइलवर आग्रहानं सांगतो.

१४ जानेवारी

कोथरूडचे कागद आले. वडील २०१६ मध्ये गेले, मृत्युपत्र नव्हतं. सोसायटीत नॉमिनी एकटा मुलगा होता, म्हणून भाग दाखल्यावर (सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर) त्याचं नाव चढलं. त्यानंतर घरात सगळेच ती सदनिका त्याची मानत आले.

मालकी तशी नाही. आई, मुलगा, मुलगी, प्रत्येकी एक-तृतीयांश. नॉमिनीच्या नावे नोंद करणं सोसायटीवर बंधनकारक असलं तरी वारसांचा हक्क त्यानं जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या इंद्राणी वाही प्रकरणात २०१६ मध्येच स्पष्ट झालं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये कलम १५४ब-१३ आल्यापासून तर नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सदस्य आहे.

आता घाई आहे ती विकसकाबरोबरच्या कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या कराराची. सोसायटी भाग दाखल्यावरचं नाव विकसकाला कळवते आणि नव्या सदनिकेच्या करारात तेच नाव जातं. जुनी चूक नव्या नोंदणीकृत कागदावर उतरली की दुरुस्ती महाग आणि वादाची होते. हा करार व्हायच्या आत तिघांची नावं लागली पाहिजेत.

२० जानेवारी

बहिणीशी बोलणं झालं. दोन वाटा होत्या. तिनं वारसाहक्कानं आलेला हिस्सा भावाला विनामोबदला सोडला तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र होतं आणि मुद्रांक नाममात्र लागतो. मोबदला घेतला तर बाजारभावानं मुद्रांक. बक्षीसपत्राची २०० रुपये मुद्रांकाची सवलत इथे कामाची नाही, कारण त्या यादीत नवरा, बायको, मुलं, नातवंडं आणि मृत मुलाची पत्नी आहेत, भावंडं नाहीत.

बहिणीला हिस्सा सोडायचा नाही, आणि ते योग्यच आहे. तिला आईची राहती जागाही हलवायची नाही. ठरलं ते असं: तिघांचं कौटुंबिक व्यवस्थापत्र नोंदवायचं. त्यात तिन्ही हिस्से, आईचा हयातभर राहण्याचा हक्क, विस्थापन काळातलं भाडं आईच्या खात्यात, आणि कॉर्पस (विकसकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम) तिघांत समान. १५४ब-१३ मध्ये मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र आणि वारस दाखल्याबरोबर असं व्यवस्थापत्रही मान्य आहे, त्यामुळे दिवाणी न्यायालयात १८२७ च्या विनियमाखाली वारस दाखल्याला जायची गरज पडली नाही. वाद असता तर गेलोच असतो.

बहीण येऊ शकत नाही म्हणून मुखत्यारपत्र. तिकडच्या नोटरीसमोर सही, त्यावर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का). किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकन. कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करायचा. पाकिटावरची पोचतारीख जपून ठेवायला सांगितलं आहे, मुदत तिच्यावरून मोजली जाते. भावालाच मुखत्यार करू नका असाही सल्ला दिला. त्याचंही हित त्यात गुंतलेलं आहे, उद्या कुणी बोट ठेवेल.

मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती गेली की ते संपतं. ‘आईचं मुखत्यारपत्र आहे, मग मृत्युपत्र कशाला’ हा प्रश्न आलाच होता, त्याचं उत्तर हेच.

२७ जानेवारी

ईसॉप. मंजुरीपत्रं कंपनीच्या पोर्टलवर, लॉगिन कंपनीच्या ईमेलवर. कर्मचारी गेला की ते ईमेल खातं बंद होतं आणि घरच्यांना काही सापडत नाही. सगळी मंजुरीपत्रं, योजनेचा पूर्ण मसुदा आणि व्हेस्टिंगचा (कोणते ऑप्शन कधीपासून वापरता येतील याचा) तक्ता पीडीएफ करून घरच्या फाइलीत लावले.

एकूण १२,००० ऑप्शन. ३,००० एक्सरसाइज होऊन (किंमत भरून) डीमॅटमध्ये शेअर झालेत, ४,५०० व्हेस्ट झालेत पण घेतलेले नाहीत, ४,५०० अजून व्हेस्ट व्हायचे. एक्सरसाइज किंमत ८० रुपये, मर्चंट बँकरचं शेवटचं मूल्यांकन ९०० रुपये.

या तीन भागांचं मृत्यूनंतर वेगवेगळं होतं. शेअर ही मालमत्ताच, ती वारसांकडे जाते. ऑप्शन हस्तांतरित करता येत नाहीत, पण असूचीबद्ध कंपन्यांना लागू असलेल्या २०१४ च्या नियमांतल्या नियम १२ नुसार नोकरीत असताना मृत्यू आला तर त्या दिवसापर्यंत मंजूर झालेले सगळे ऑप्शन वारसांच्या किंवा नॉमिनीच्या नावे व्हेस्ट होतात, व्हेस्ट न झालेले ४,५०० सुद्धा. राजीनामा दिला तर मात्र तेच ४,५०० बुडतात. घरच्यांना हा फरक माहीत हवा, कारण मनुष्यबळ विभागातला नवखा माणूस सवयीनं राजीनाम्याचा नियम सांगून मोकळा होऊ शकतो.

अडतं ते मुदतीत आणि रोख रकमेत. या योजनेत वारसांना मृत्यूपासून १२ महिने आहेत. तेवढ्यात घरातले धक्क्यातून सावरून, कागद जमवून, ९,००० ऑप्शनचे ७ लाख २० हजार रुपये भरणार, वर लागू होणारा कर. कराचा अंदाज यावा म्हणून आजचं गणित: नवऱ्यानं स्वतः व्हेस्ट झालेले ४,५०० घेतले तर किंमत ३ लाख ६० हजार, करपात्र लाभ ८२० गुणिले ४,५०० म्हणजे ३६ लाख ९० हजार, ३० टक्क्यांनी कर ११ लाखांच्या वर, उपकर-अधिभार वेगळा. आणि हे शेअर बाजारात विकता येत नाहीत. कर पुढे ढकलायची सवलत फक्त आंतरमंत्रालयीन मंडळाचं ८०-आयएसी (स्टार्टअपच्या करसवलतीचं) प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना आहे. नुसती डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता पुरत नाही. या कंपनीकडे ते प्रमाणपत्र नाही.

त्यासाठी टर्म विम्यात गृहकर्जाच्या ६२ लाखांशिवाय ३५ लाख वेगळे धरले. पॉलिसी नवी घ्यायची आहे, तर ती विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्यायची. मग ती रक्कम बायकोमुलांसाठी विश्वस्त निधी ठरते आणि नवऱ्याच्या धनकोंना हात लावता येत नाही. हा पर्याय प्रस्ताव भरतानाच निवडावा लागतो.

योजनेच्या शेवटच्या पानावर नामनिर्देशनाचा नमुना होता, कोरा. तो बायकोच्या नावे भरून पोच घेतली.

३ फेब्रुवारी

बायकोचे संस्थापक शेअर. भागधारक करार ६० पानांचा, त्यातली चार कलमं महत्त्वाची: हस्तांतरणावरचे निर्बंध, इतरांचा पहिला खरेदीहक्क, संस्थापकाच्या शेअरचं उलटं व्हेस्टिंग (शेअर हाती असतात, पण ठरावीक काळ काम केल्यावरच पक्के होतात), आणि कंपनी सोडणाऱ्याच्या व्याख्या.

मृत्यूनंतर वारसाच्या नावे शेअर चढणं निर्बंधातून वगळलेलं आहे, वारसानं करार पाळण्याचा लेख सही करायचा एवढीच अट. हे ठीक. गडबड उलट्या व्हेस्टिंगमध्ये निघाली. ‘कोणत्याही कारणाने सेवा संपुष्टात आल्यास’ व्हेस्ट न झालेले शेअर दर्शनी किमतीला परत घेण्याचा हक्क इतर प्रवर्तकांना आहे. मृत्यूही त्या ‘कोणत्याही’त बसतो. म्हणजे १० रुपये दर्शनी किमतीवर तिच्या निम्म्या मेहनतीचा हिशेब मिटला असता.

दुरुस्ती सुचवली: मृत्यू आणि कायमचं अपंगत्व आल्यास सगळे शेअर तत्काळ व्हेस्ट झालेले धरावेत, ते मान्य नसेल तर निदान परतखरेदी शेवटच्या गुंतवणूक फेरीच्या मूल्यांकनानं व्हावी. सगळ्या पक्षांच्या सह्या लागतात. अशी मागणी पुढच्या गुंतवणूक फेरीच्या वाटाघाटीत मांडावी, तेव्हा करार तसाही पुन्हा लिहिला जातो. दुसऱ्या संस्थापकालाही तेच संरक्षण हवं असतं, त्यामुळे विरोध सहसा होत नाही.

दुसरं सापडलं ते कंपनीच्या ४० लाखांच्या ओव्हरड्राफ्टला तिनं दिलेली वैयक्तिक हमी. करार कायद्यात हमीदाराच्या मृत्यूनं पुढच्या व्यवहारांपुरती चालू हमी संपते, पण बँकांच्या छापील नमुन्यात याच्या उलट कलम असतं. इथेही आहे. वारसांवर बोजा मिळालेल्या मालमत्तेपुरताच पडतो, पण त्या मालमत्तेत बाणेरचं निम्मं घर आहे. १८७४ च्या कायद्याचं विमा-संरक्षण इथे नाही, ती तरतूद विवाहित पुरुषानं स्वतःच्या आयुष्यावर काढलेल्या पॉलिसीपुरती आहे. फेरी पूर्ण झाली की हमी सोडवून घ्यायची, हे कामाच्या यादीत वरच्या ओळीवर.

१० फेब्रुवारी

नामनिर्देशनं सरळ केली. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२३ च्या निकालानंतर शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही प्रश्न उरलेला नाही: नॉमिनी मालक होत नाही, वारसाहक्काचा कायदा वा मृत्युपत्र चालतं. तरी नॉमिनी हवाच, कारण पैसा लवकर बाहेर त्याच्यामुळे येतो. आमचा नियम एकच, मृत्युपत्रात ज्याला द्यायचं तोच शक्यतो नॉमिनी.

डीमॅट आणि फंडांत आता दहापर्यंत नॉमिनी लावता येतात, बँक ठेवींत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार. लॉकरला मात्र एकामागून एक असेच, टक्केवारी नाही. बायकोच्या कंपनीचे शेअर छोटी कंपनी म्हणून अजून कागदी आहेत, तिथे एसएच-१३ हा नामनिर्देशनाचा नमुना भरला. बाणेर सोसायटीत परिशिष्ट १४ (सोसायटीचा नामनिर्देशनाचा नमुना) तीन प्रतींत, दोघांचे वेगवेगळे, आणि सचिवाच्या सहीची पोच. समितीच्या सभेत नोंद झाली का ते महिन्याभरानं पाहायचं. पोच मिळते आणि नोंद राहून जाते, असं फार वेळा दिसतं.

१८ फेब्रुवारी

मसुदे. नवरा-बायकोचं एकत्र मृत्युपत्र करायचं नाही. एक गेल्यावर दुसऱ्याला बदल करता येतो की नाही यावरून कज्जे होतात. तीन स्वतंत्र मृत्युपत्रं: नवऱ्याचं, बायकोचं, आईचं. आईचं मराठीत, कारण त्या मराठी वाचतात आणि त्यांना प्रत्येक ओळ स्वतः वाचता आली पाहिजे.

या घरात सर्वांत जास्त वेळ वर्णनाच्या कलमांना दिला. तीन-चार वर्षांत यातली एकही मोठी गोष्ट आजच्या रूपात राहणार नाही. कोथरूडची इमारत पडेल, ऑप्शनचे शेअर होतील, कंपनी विकली गेली तर शेअरचे पैसे किंवा दुसऱ्याच कंपनीचे शेअर होतील. ‘सदनिका क्रमांक ७’ किंवा ‘३,००० शेअर’ एवढंच लिहिलं आणि मृत्यूच्या वेळी ती वस्तूच नसली तर ते दान निष्फळ ठरतं, त्याऐवजी आलेली वस्तू आपोआप त्या माणसाला मिळत नाही. आईच्या मृत्युपत्रातलं कलम असं ठरलं:

‘कोथरूड येथील सदर सदनिकेतील माझा अविभक्त एक-तृतीयांश हिस्सा व सोसायटीचे त्यासंबंधीचे भाग, तसेच पुनर्विकासामुळे त्या हिश्श्यापोटी मिळणारी नवी सदनिका, वाढीव क्षेत्र, वाहनतळ, कॉर्पस रक्कम, थकीत भाडे व विकसकाविरुद्धचे सर्व हक्क, यांपैकी माझ्या मृत्यूच्या वेळी जे अस्तित्वात असेल ते, माझा मुलगा व माझी मुलगी यांना समान.’

नवऱ्याच्या मृत्युपत्रात ‘कंपनीतील माझे सर्व शेअर व मंजूर ऑप्शन, आणि विलीनीकरण, विभाजन, बोनस, अदलाबदल किंवा विक्रीमुळे त्यांच्या बदल्यात मिळालेले शेअर, रोखे अथवा येणे रक्कम, ती एस्क्रो खात्यात रोखलेली असली तरी’. एस्क्रोचा (तिऱ्हाइताकडे पैसे रोखून ठेवण्याच्या खात्याचा) उल्लेख हवाच. कंपनी विकली जाते तेव्हा किमतीचा काही भाग बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षं तिथे अडकतो.

बायकोनं आईवडिलांसाठी ठेव ठेवली आहे, पण ठेवीचा क्रमांक लिहिला नाही. ठेव नूतनीकरणात क्रमांक बदलतो, मुदतीआधी मोडलीही जाते. ‘१५ लाख रुपये, माझ्या मालमत्तेतून सर्वप्रथम’ असं रकमेनं दिलं.

घरावरचं कर्ज कोणी फेडायचं हे लिहिलं नाही तर घर ज्याला मिळतं त्याच्यावर कर्जही येतं. म्हणून कर्ज कशातून फेडायचं याचा स्पष्ट उल्लेख घेतला. दोघं एकाच अपघातात गेले आणि आधी कोण ते कळलं नाही तर कायदा वयानं लहान व्यक्ती नंतर गेली असं धरतो. त्यावर न विसंबता ‘माझ्यानंतर ६० दिवस हयात असल्यास’ अशी अट घातली. दोघंही नसतील तर मुलांचा वाटा २५ वर्षांपर्यंत विश्वस्तांकडे, पालक म्हणून मामा-मामी, आणि विश्वस्त त्यांच्याहून वेगळे दोन. मूल सांभाळणारा आणि पैसा सांभाळणारा एकच असू नये, असं आमचं ठाम मत आहे.

शेवटी उरलेल्या मालमत्तेचं कलम. ते नसेल तर यादीतून सुटलेला एखादा फंड विनामृत्युपत्र ठरतो.

२४ फेब्रुवारी

प्रोबेटचा (मृत्युपत्र खरं असल्याच्या न्यायालयीन शिक्कामोर्तबाचा) प्रश्न आला. पुण्यात केलेल्या, पुण्यातल्या मालमत्तेच्या हिंदू मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. ती मुख्यतः मुंबई, कोलकाता आणि चेन्नईकडे होती. आता निरसन व सुधारणा अधिनियम, २०२५ नं भारतीय उत्तराधिकार अधिनियमातलं कलम २१३ वगळल्यामुळे ती सक्ती सगळीकडेच गेली. वाद दिसत असेल तर प्रोबेट घेता येतंच.

९ मार्च

तिन्ही मृत्युपत्रांवर सह्या. साक्षीदार दोन, दोघंही करणाऱ्याहून वयानं लहान, पुण्यातच राहणारे, लाभार्थी वा त्यांचे जोडीदार नसलेले. करणाऱ्यानं त्यांच्यादेखत सही केली, मग त्यांनी. प्रत्येक पानावर आद्याक्षरं, शेवटच्या पानावर पूर्ण सह्या, पत्ते, तारीख, ठिकाण. शेवटच्या पानावर मजकुराच्या निदान चार ओळी तरी आणायच्या. सह्यांचं पान कोरं असलं की ते मागाहून जोडल्याचा आरोप करायला जागा राहते. आईच्या पत्रावर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला, आणि त्या वेळी मुलगा-सून खोलीबाहेर.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी ऐच्छिक आहे, पण आईचं आणि नवऱ्याचं लगेच नोंदवलं: आधी ऑनलाइन माहिती भरणं (पब्लिक डेटा एंट्री), ई-स्टेप-इन या ऑनलाइन सेवेवर वेळ घेणं, मग दुय्यम निबंधकाकडे फोटो आणि अंगठे. नोंदणी फी १०० रुपये, हाताळणी पानाला २० रुपये. करणारा हयात असेपर्यंत नक्कल दुसऱ्या कुणाला मिळत नाही, त्यामुळे गुप्तता जाईल ही भीती बाळगू नये. नोंदवलेलं मृत्युपत्रही नंतरच्या साध्या मृत्युपत्रानं रद्द होतं, म्हणून जुन्या प्रती घरात ठेवायच्या नाहीत.

१७ मार्च

बहिणीचं मुखत्यारपत्र पोचलं, मुद्रांकित झालं. कौटुंबिक व्यवस्थापत्राची नोंदणी झाली आणि सोसायटीकडे तिघांच्या नावांचा अर्ज गेला. समितीची सभा महिनाअखेर आहे; ठराव हाती आल्याशिवाय विकसकाच्या करारावर सही नको, असं लेखी कळवलं.

उरलेलं: बायकोच्या भागधारक करारातली दुरुस्ती फेरीबरोबर, हमीमुक्ती, तिच्या मृत्युपत्राची नोंदणी. पुनर्विकासाचा करार, ऑप्शनची नवी मंजुरी, कंपनीची विक्री किंवा नोकरी बदल, यांपैकी काहीही घडलं की तिन्ही मृत्युपत्रं पुन्हा काढून वर्णनाची कलमं ताडून पाहायची. पुढची तारीख नव्या सदनिकेच्या कराराचा मसुदा येईल तेव्हा.